फणसवाडी : पाडायची की उतरवायची?

ठाकुरद्वारच्या नाक्यावर उभं राहून "फणसवाडी कुठं हो?" असं विचारलं, की उत्तराआधी बहुधा उलट प्रश्न येतो, "बालाजीच्या देवळात जायचंय का?" गिरगाव आणि काळबादेवी यांच्या मधली ही दाट वस्ती बाहेरगावच्या माणसांना माहीत असते ती इथल्या दाक्षिणात्य पद्धतीच्या वेंकटेश मंदिरामुळं. चर्नी रोड नाहीतर मरीन लाइन्सला उतरून चालत यायचं, ही जुनी वाट. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो गिरगाव आणि काळबादेवी अशा दोन्ही ठिकाणी थांबू लागली, तेव्हा आता लेकुरवाळ्या बाईलाही इथं येणं सोपं झालंय.

देवदर्शन झालं, प्रसाद पदरात बांधला, की लगेच परत फिरू नये. जरा मान वर करून पाहावं. लांबच लांब सामाईक गॅलऱ्या, त्यांचे लाकडी नाहीतर बिडाचे कठडे, कठड्यावर वाळत घातलेली लुगडी-चादरी, पायऱ्या झिजून मधोमध खोलगट झालेले जिने. आणि या सगळ्यांच्या शेजारीच कुठंतरी उंच पत्र्यांचं कुंपण, त्यामागं क्रेन आणि धुळीचा लोट. आजच्या गिरगावचं हे असं दुहेरी रूप आहे. एक चाळ नांदते आहे, दुसरी पडते आहे.

केळेवाडी, आंबेवाडी, फणसवाडी! नावं ऐकली की मंडईत आल्यासारखं वाटतं. एके काळी हा भाग खरोखरच बागायतीचा होता. पुढं गिरण्या, गोदी, कचेऱ्या आल्या, कोकणातून आणि घाटावरून माणसं आली आणि झाडांच्या जागी चाळी उभ्या राहिल्या. वाड्या गेल्या, नावं तेवढी राहिली. आता चाळी चालल्या आहेत. त्या जाताना मागं काय ठेवून जातात, हा प्रश्न वाटतो तितका पुरुषांचा आणि बिल्डरांचा नाही. तो घर चालवणाऱ्या बाईचाही आहे.

फणसाचं काय वाया जातं?

कोकणातल्या बाईला विचारा. कोवळ्या फणसाची, कुयरीची, भाजी. काप्याचे गरे खायला, बरक्याच्या रसाची फणसपोळी आणि सांदणं. आठळ्या सुकवून, मातीत घोळवून पावसाळ्याच्या भाजीसाठी ठेवायच्या. साल आणि चारखंडं गुरांपुढं. झाड म्हातारं झालं की त्याच्या पिवळ्याधमक लाकडाची दारं, पाट, आणि दक्षिणेत तर वीणा आणि मृदंगसुद्धा. हाताला तेल लावून बसलेली आजी फणस फोडते तेव्हा मागं टाकायला जवळजवळ काही उरतच नाही.

आता हाच डोळा जुन्या चाळीकडं लावून पाहा. आतले खांब आणि तुळया सागाच्या, पुष्कळ ठिकाणी अस्सल ब्रह्मदेशी. वर मंगळुरी कौलं. बाझल मिशननं १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला, तेव्हापासून ही कौलं पश्चिम किनाऱ्यावर घरोघर पोचली. भिंती विटांच्या, सांधे चुन्याचे. जिन्याला घडीव दगड. ज्यांची ऐपत होती त्यांच्या खोल्यांत रंगीत नक्षीच्या लाद्या. स्वदेशीच्या वाऱ्यात १९२२ साली भारत टाइल्सचा कारखाना निघाला आणि विलायती लाद्यांची मक्तेदारी मोडली. शिवाय खिडक्यांचे गज, पितळी कड्या, बिजागऱ्या, शहाबादी फरशा, कडाप्प्याचे ओटे. चाळीतही गरे आहेत, आठळ्या आहेत. फोडणारा हात मात्र आजीसारखा हवा.

तुळईतला इतिहास

एका तुळईचीच गोष्ट सांगते. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही १८६३ साली आपल्या मुंबईत निघालेली कंपनी. ब्रह्मदेशच्या जंगलातून साग तोडून आणायचा, हा तिचा मोठा धंदा. ओंडके कमी दाखवले म्हणून तिथल्या थिबा राजाच्या सरकारनं तिला दंड केला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. १८८५ च्या नोव्हेंबरात युद्ध झालं, राज्य गेलं आणि राजाला आणून ठेवलं आपल्या रत्नागिरीला. १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा बांधला आणि १९१६ साली तिथंच तो वारला. रत्नागिरीला गेलेल्या भगिनींनी थिबा पॅलेस पाहिला असेलच.

ज्या सागापायी एक राज्य बुडालं, तो साग मुंबईच्या घराघरांत तुळया होऊन बसला. जंगलातला असा वृक्ष तोडायजोगा व्हायला कैक दशकं लागतात. चाळीत तो आणखी शंभर वर्षं उभा राहिला, वाळला, मुरला. असं लाकूड आज नव्यानं मिळत नाही. ते सरपणात घातलं, तर झाडानं आयुष्यभर साठवलेला कार्बन एका दिवसात धूर होऊन हवेत जातो. त्याचा पलंग, टेबल, दाराची चौकट केली, तर तो कार्बन आणखी दोन पिढ्या घरातच राहतो आणि एक नवं झाड तोडायचं वाचतं. चोर बाजारात आणि जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात जुन्या लाकडाचा एवढा व्यापार चालतो तो उगाच नाही.

पाडणं आणि उतरवणं

आपल्या बोलीत या कामाला दोन शब्द आहेत. घर पाडतात आणि घर उतरवतात. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

उतरवायचं म्हणजे ज्या क्रमानं बांधलं त्याच्या उलट क्रमानं सोडवायचं. आधी कौलं काढून हातोहात खाली द्यायची. मग रिपा, वासे. मग दारं-खिडक्या चौकटीसकट. मग मजल्याच्या फळ्या, त्यांच्याखालच्या तुळया, शेवटी भिंती. चुन्याच्या भिंतीचा एक मोठा गुण आहे. चुना सिमेंटपेक्षा मऊ, त्यामुळं हातोडीनं ठोकलं की सुटतो आणि वीट अखंड हाती येते. सिमेंटच्या भिंतीत वीट फुटते, पण सांधा सुटत नाही! आपल्या आजोबांच्या काळची वीट म्हणूनच दुसऱ्यांदा भिंतीत बसू शकते.

पाडायचं म्हणजे पोकलेन लावायचं. चार दिवसांत सगळं भुईसपाट. लाकूड, वीट, लादी, काच, प्लास्टर, वायरी, सगळ्याचा एकच काला. लोखंड तेवढं भंगारवाला वेचून नेतो, कारण त्याचा भाव रोख असतो. उरलेल्याला मग नाव मिळतं राडारोडा, मुंबईच्या भाषेत डेब्रिज. डाळ, तांदूळ, साखर आणि मीठ एकाच डब्यात ओतलं तर त्याला धान्य कोण म्हणेल? चारही जिन्नस चांगलेच होते. मिसळले म्हणून कचरा झाले.

सरकारी नियमही नेमकं हेच सांगतात. केंद्र सरकारनं मार्च २०१६ मध्ये बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे नियम काढले. ज्या कामातून दिवसाला २० टनांहून किंवा महिन्याला ३०० टनांहून अधिक राडारोडा निघतो, तिथं त्याचे वेगवेगळे ढीग करायला सांगितले : काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड व प्लास्टिक, आणि विटा-चुना. २०२५ साली आणखी नवे नियम निघाले आणि त्यांच्या अंमलाची तारीख ठरली १ एप्रिल २०२६. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाच्या राडारोड्याचा पुनर्वापर ही आता बांधणाऱ्याच्या माथ्यावरची जबाबदारी आहे.

ढीग जातो कुठं?

रात्रीच्या वेळी ताडपत्री टाकलेला ट्रक गल्लीतून निघाला की आपल्यापुरता प्रश्न मिटतो. पण ट्रक कुठंतरी रिकामा व्हायचाच. मुंबईत ती जागा फार वर्षं खाडीकाठची तिवरं, नाले आणि मोकळे प्लॉट ही होती.

तिवरं म्हणजे चिखलातली झुडपं, असं वरवर वाटतं. प्रत्यक्षात ती शहराची तटबंदी आहेत. भरतीचा जोर ती अडवतात, गाळ धरून ठेवतात, मासळीची पिल्लं त्यांच्या मुळांत वाढतात. राडारोडा पडला की मुळांना भरतीचं पाणी मिळत नाही आणि झाडं उभ्या उभ्या वाळतात. मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८ मध्ये तिवरांच्या नाशाला सक्त मनाई केली आणि त्यांच्याभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. नाल्यांचंही तसंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. एवढ्या पाण्यापुढं कुणाचंच काही चाललं नसतं हे खरं, पण पाण्याची वाट अरुंद असेल तर ते घरात शिरतं, हे त्या दिवशी सगळ्या शहरानं अनुभवलं.

दुसरी बाजू नव्या इमारतीची. तिला खडी लागते, म्हणजे कुठंतरी डोंगर फुटतो. वाळू लागते, म्हणजे खाडी नाहीतर नदी उपसली जाते. सिमेंट लागतं, आणि जगभरात माणसाच्या हातून जेवढा कार्बन वायू हवेत जातो त्यातला सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचा असतो. चुनखडी भाजतानाच तो तिच्यातून सुटतो, शिवाय भट्टीचा धूर वेगळा. एकीकडं फुटका दगड खाडीत टाकायचा आणि दुसरीकडं खडीसाठी डोंगर फोडायचा, हा व्यवहार कोणत्या गृहिणीला पटेल?

जुन्या काँक्रीटचीही पुन्हा खडी करता येते. यंत्रात ते फोडतात, लोहचुंबकानं आतल्या सळ्या ओढून घेतात, चाळणीनं बारीक-मोठं वेगळं करतात, धुऊन वाळू काढतात. तिच्यातून फुटपाथचे ठोकळे, कडेचे दगड, रस्त्याचा पाया तयार होतो. आपल्या मानक संस्थेनं २०१६ पासून घरबांधणीच्या काँक्रीटमध्येही अशी खडी ठरावीक प्रमाणात वापरायला मान्यता दिली आहे : सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत, तेही फार मोठ्या ताकदीचं नसेल तर, बिनसळईच्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत. नवी मुंबईत बेलापूरला सिडको आणि 'युवा' संस्थेच्या केंद्रानं फार आधीच राडारोड्यापासून विटा आणि ठोकळे करून दाखवले होते. मुंबई महापालिकेचे दहिसर आणि शिळफाटा इथले दोन प्रकल्प २०२४ साली सुरू झाले. प्रत्येकाची ताकद रोज ६०० टनांची. शहराचा राडारोडा रोज हजारो टनांत निघतो, तेव्हा हे पुरे नाही. पण वाट पडली आहे.

बर्लिनच्या बायका

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा जर्मनीतली शहरं ढिगाऱ्याखाली गेली होती. पुरुष मेलेले, जखमी, नाहीतर कैदेत. मग पदर खोचून उभ्या राहिल्या बायका. रांगा करून, बादल्या हातोहात देत त्यांनी ढिगारे उपसले, एकेका विटेवरचा चुना हातोडीनं तासला आणि विटा नीट रचून ठेवल्या. त्याच विटांनी घरं पुन्हा उभी राहिली. त्या देशात या बायकांना आजही 'ढिगाऱ्याच्या बायका' अशाच अर्थाच्या नावानं ओळखतात आणि त्यांचे पुतळे आहेत. जे वापरता आलं नाही त्याची बर्लिनमध्ये टेकडी झाली, ती समुद्रसपाटीपासून सुमारे १२० मीटर उंच आहे.

आपल्याकडं तरी घमेलं डोक्यावर कोण वाहतं? बायाच. गोणीत काच-कागद-प्लास्टिक वेगवेगळं कोण करतं? बायाच. निवडणं-टिपणं हे काम आपल्या हाडीमाशी भिनलेलं आहे. फक्त ते ताटाबाहेर, गल्लीपर्यंत न्यायचं आहे.

जुनं ते सोनं, पण...

याचा अर्थ एकही चाळ पाडू नये, असा मुळीच नाही. घर राहण्यासाठी असतं. फणसवाडीपासून फार दूर नसलेल्या भेंडीबाजारात ३१ ऑगस्ट २०१७ ला हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ जीव गेले. १९६९ साली मुंबईत इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ झालं, तेव्हा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती सुमारे १९,६०० होत्या. अजूनही हजारो शिल्लक आहेत आणि त्यांतल्या कित्येक १९४० च्याही आधीच्या. पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी निघते, तिच्यात आपल्या चाळीचं नाव आलं तर "मी इथंच लग्न होऊन आले" म्हणून हटून बसण्यात शहाणपण नाही.

पण जी चाळ दुरुस्तीनं टिकेल तिची दुरुस्ती वेळेवर व्हावी. गळती थांबवणं, वाळवीवर औषध, कुजलेल्या तुळईची वेळीच बदली, ही कामं वर्षानुवर्षं टाळली म्हणूनच चांगली चाळ धोकादायक होते. न झालेला राडारोडा हाच सगळ्यांत चांगला राडारोडा! आणि जी पडणारच आहे, ती निदान उतरवली जावी. पुनर्विकासाच्या मीटिंगला बहुधा पुरुष जातात आणि चर्चा होते ती चौरस फुटांची, भाड्याची आणि किती वर्षांत ताबा मिळेल याची. तीही हवीच, कारण संक्रमण शिबिरात उमेद घालवलेली कुटुंबं गिरगावानं पाहिली आहेत. पण तिथं आपणही जाऊन बसावं आणि दोन-तीन प्रश्न विचारावेत. लाकूड, कौलं, लाद्या आधी उतरवणार ना? राडारोडा कोणत्या केंद्रात जाणार, त्याची पावती सोसायटीला मिळेल ना? पाडताना पाणी मारणार, ताडपत्री लावणार ना? धुळीबद्दल महापालिकेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये सक्त सूचना काढल्या आहेत. शेजारच्या चाळीत दम्याची आजी आणि तान्हं मूल असतंच.

आपल्या हातातलं

चाळ एकदाच पडते, पण स्वयंपाकघर आपण दर दहा वर्षांनी फोडतो! तुम्ही फणसवाडीत असा, नाहीतर सांगली-नगरला, पुढच्या गोष्टी घराघरांत करता येतील :

● हिशेब आधी करा. १०० चौरस फुटांची फरशी खालच्या थरासकट उखडली, तर सुमारे पाऊण ते एक टन राडारोडा निघतो, म्हणजे पंचवीसेक गोण्या. जुनी फरशी घट्ट असेल तर घासून-पॉलिश करून पाहा.

● जुन्या फरशीवर नवी बसवतात, पण लाकडी मजल्याच्या चाळीत हे कधीही करू नका. तुळयांवर वजन वाढतं. इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

● ओटा बदलताना कडाप्पा फोडू देऊ नका. गवंड्याला आधीच सांगितलं तर तो अखंड निघतो. त्याची मांडणी, कपाटाचे कप्पे, बागेतलं बाक होतं.

● सागाचं दार जुनाट दिसतं म्हणून काढू नका. खालची कुजलेली पट्टी सुताराकडून बदलून घ्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा रंग कोरडा घासू नये. ओला करून, मुलांना दूर ठेवून काढावा.

● छपरावरचे जुने सिमेंटचे पत्रे हातोडीनं फोडू नयेत. त्यांत ॲस्बेस्टॉस असतो. त्याची धूळ फुफ्फुसाला घातक. ओले करून अखंड उतरवावेत आणि वेगळे द्यावेत.

● सुटलेल्या नक्षीच्या लाद्या फेकू नका. चार लाद्यांचं तुळशीवृंदावन सजतं, सहांचा चहाचा ट्रे होतो.

● राडारोड्याच्या गोणीत ओला कचरा, प्लास्टिक, ट्यूबलाइट टाकू नका. गोणी स्वच्छ असेल तरच तिची खडी होते.

● गोण्या कोपऱ्यावर ठेवू नका. मुंबईत 'डेब्रिज ऑन कॉल' ही महापालिकेची सोय आहे. वॉर्ड ऑफिसात नाहीतर १९१६ वर चौकशी करावी, आकार किती ते आधीच विचारून घ्यावं. फणसवाडीकरांचं सी वॉर्ड ऑफिस चंदनवाडीला, हाकेच्या अंतरावर आहे. इतर गावांत नगरपालिकेच्या आरोग्य खात्याकडं विचारावं.

गिरगावच्या नव्या टॉवरमध्ये संडास-बाथरूम घरात आहे, लिफ्ट आहे, नळाला चोवीस तास पाणी येईल अशी आशा आहे. पहाटे चारला उठून बादल्या भरलेल्या बाईला याचं मोल कुणी सांगायला नको. तिनं खुशाल नव्या घरी जावं. जाताना जुन्या खोलीचा दरवाजा मात्र उतरवून बरोबर न्यावा. नव्या हॉलमध्ये त्याचं जेवणाचं टेबल होईल. चार माणसं त्यावर बसतील, नातवंडं विचारतील, "आजी, याला मधेच कडीचं भोक कसं गं?" मग सांगायला फणसवाडी आहेच.